सोनकांबळेची बिनआवाजाची सायकल

दुष्काळाच्या त्या सालात अख्ख्या लातुरात अंगावर चिखल आणि स्वच्छ धुतलेले पाय घेऊन घरी येणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लागून राहत होता. दर रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला सोनकांबळे गल्लीत शिरायचा. सदऱ्यावर, मिशांवर, कानाच्या पाळीवर वाळलेल्या चिखलाचे ठिपके. चपलेतले पाय मात्र नवरदेवासारखे चकचकीत. आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची आणि पाय धुवायचा विषयच काढायचा नाही, अशी घरोघर रीत पडली होती. त्यामुळं बायांचं पहिलं लक्ष त्याच्या पायांकडं जायचं आणि दुसरं माझ्या बायकोकडं, कारण गल्लीतल्या सगळ्या चौकशांचं मुख्य ऑफिस तिच्याकडं होतं.

"माणूस कुठंतरी पाणी बघून आलाय," ती मला म्हणायची. "आणि पाय धुण्याइतकं पाणी जिथं मिळतंय, तिथं बाई आहे."

संशयाला जागा होती, हे मान्य करायला पाहिजे. सोनकांबळे विधुर. दोन वर्षांमागं त्याची बायको शांता तापाचं निमित्त होऊन गेली. मूलबाळ नव्हतं. वय चाळिशीच्या आतलं, सरकारी नोकरी, पान नाही, तंबाखू नाही. रविवारी सकाळी सायकलवर निघताना त्याच्या पिशवीत इस्त्रीचा एक सदरा आणि कंगवा असायचा, हे माझ्या बायकोनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सायकल फिरवायला जाताना कंगवा कुणी नेत नाही, असं तिचं म्हणणं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाटी आधी आली, खुर्च्या नंतर आल्या, आणि पाणी येणार येणार असं सगळे म्हणून राहिले होते. उस्मानाबादेहून फाईली ट्रकनं आल्या, त्यांच्यामागं मीही आलो. आमचं ऑफिस एका भुसार मालाच्या गोदामात भरायचं. पंखा लावला की टेबलावर तुरीची टरफलं उडायची. मी आलो तो हुकूम निघाला म्हणून. सोनकांबळे मात्र नांदेडहून स्वतः अर्ज करून आला होता. गोदावरीकाठचं गाव सोडून हा कोरड्या लातुरात कामून आला, हे साहेबांनाही कळेना. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"साहेब, नांदेडला सायकलीला दिशा न्हाई," सोनकांबळे म्हणाला.

साहेबांनी त्याला आवक-जावक विभागात बसवलं.

त्याची सायकल काळी, भक्कम, दूधवाल्याची असते तशी. पण कॅरिअर काढलेलं, स्टँड काढलेला, चेनकव्हर काढलेलं, पुढचं-मागचं मडगार्ड काढलेलं. उभी करायची तर भिंतीला टेकवायची. इतकं सगळं उतरवून हँडलवर घंटी मात्र ठेवली होती. मी म्हटलं, तिचंही वजन आहेच की. तर म्हणाला, "ती लागती," आणि विषय बदलला.

वेग हा त्याचा धर्म होता. रेसबिस काही नाही. ढाल नको, बक्षीस नको, कुणाला हरवायचं नाही. हौस म्हणून सायकल चालवणाऱ्या माणसानं आहे त्या सायकलवर, आहे त्या पायांनी, जास्त जोरात कसं जावं, याचा त्यानं इतका विचार केला होता की तेवढ्यात एखादा माणूस वकील झाला असता. त्यानं मला ऐकवलेलं एक वाक्य सगळ्या ऑफिसला पाठ होतं. "वेग कमवायचा नसतो, बिराजदार. वेग अंगात असतोच. तो फक्त वाया जाऊ द्यायचा न्हाई." एवढं बोलून तो समोरच्या माणसाचा वेग कुठं कुठं वाया जाऊन राहिला आहे ते दाखवायला लागायचा. पोस्टमनचा टायरात जायचा, कारण त्यात हवा कमी. शिपायाचा गुडघ्यात जायचा, कारण सीट खाली. एकदा साहेबांनाच म्हणाला, "साहेब, तुमच्या कॉलरची पाखं लई मोठी हायत. वारा धरत्यात. त्यात वेग जातो."

"अहो, मी जीपमध्ये बसतो," साहेब म्हणाले.

"सवय वाईट हाय," सोनकांबळे म्हणाला, आणि पत्रावर शिक्का मारला.

त्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे आवाज. "आवाज म्हणजे वाया गेलेला वेग," हे त्याचं दुसरं वाक्य. चेन कुरकुरली की त्याचं तोंड दात दुखल्यासारखं व्हायचं. दर शनिवारी संध्याकाळी अंगणात त्याची पूजा मांडलेली असायची. चेन काढून रॉकेलच्या डब्यात बुडवायची, फडक्यानं पुसायची, मग शिलाई मशीनचं तेल कोंबडीच्या पिसानं कडीकडीला लावायचं. पायडल थांबवलं की मागच्या चाकाचं फ्रीव्हील टिकटिकतं ना, तेसुद्धा त्याला खपायचं नाही. त्यात तो ग्रीस ठासून भरायचा. शेवटी ती सायकल इतकी मुकी झाली की गल्लीत कधी आली ते कळायचंच नाही. दोनदा माझी बायको पाठीमागं वळून किंचाळली. चोरापेक्षा वाईट माणूस आहे, म्हणाली. चोराच्या निदान चपला वाजतात.

शेवटी तिनंच ठरवलं की मी त्याच्याबरोबर जायचं आणि ती बाई कोण ते बघून यायचं.

आता माझं वजन तेव्हा जे होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि आजही सांगणार नाही. सायकल मी किराणा आणायला वापरायचो, तीही जाताना. येताना हातात धरून. पण बायकोच्या चौकशीपुढं सरकारी चौकशी परवडते. मी सोनकांबळेकडं गेलो आणि म्हटलं, मलाही जरा वेग वाढवायचा आहे. माणसाचा चेहरा इतका फुललेला मी पगाराच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"तीन आठवडे द्या मला," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्यानं माझी सीट वर केली. टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, ही त्याची माप घ्यायची पद्धत. वर केलेल्या सीटवर बसल्यावर मला गंजगोलाईच्या बाजारापर्यंतचं दिसायला लागलं आणि उतरता येईना. मग टायरात हवा. अंगठा दाबला तर अंगठा दुखला पाहिजे, टायर न्हाई. मग कॅरिअर काढलं, त्यावरची पिशवी काढली, पिशवीतली माझी छत्री काढली. "छत्री?" तो म्हणाला. "कुणासाठी?" त्या सालात हा प्रश्न बरोबर होता.

मग पाय. "पाय फिरवा, दाबू नका. तुम्ही पायडल दाबून राह्यले. ऊस गाळायचाय का? हलकं हलकं, पण भराभर." मी तोंडानं एक-दोन, एक-दोन म्हणत पाय फिरवायचो आणि औसा रोडवरची माणसं वाट सोडून उभी राहायची.

तिसरी गोष्ट खांबांची. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांचा एवढा उपयोग वीज असतानाही कुणी केला नसेल. एक खांब जिवाच्या आकांतानं जायचं, पुढचे दोन खांब रमतगमत. परत एक खांब जोरात. दुसऱ्या आठवड्यात दोन खांब जोरात, दोन हळू. "रोज मरमर मरायचं न्हाई," तो बजावायचा. "एक दिवस मरायचं, दुसऱ्या दिवशी निवांत फिरायचं, तिसऱ्या दिवशी घरी झोपायचं. झोपल्यावर पाय तयार होतेत." ही झोपेची बाब मला पटली आणि ती मी नेटानं पाळली. तिसऱ्या आठवड्याला मी न थांबता औसा रोडचा चढ चढलो. बायको म्हणाली, पोट उतरलंय. पण मला खरं तर दुसरंच काहीतरी वाटून राहिलं होतं. मला ते आवडायला लागलं होतं. कान गार पडायचे, पाय आपोआप फिरायचे आणि ऑफिस आठवायचं नाही. हे मी घरी बोललो नाही.

"आता चला रविवारी," सोनकांबळे म्हणाला. म्हणाला खरा, पण जरा थांबून म्हणाला.

रविवारी पहाटे पाचला नळ आला. आम्ही दोघांनी आपापल्या घागरी, बादल्या, पातेली भरली. नळ सहाला गेला आणि आम्ही निघालो. नांदेड रोडला जाताना पुढं एक पाण्याचा टँकर दिसला, गळका, मागच्या तोटीला पोतं कोंबलेलं. सोनकांबळेनं मान खाली घातली आणि थेट त्याच्या बुडाला जाऊन चिकटला.

"या, या, मागं या. हितं वारा लागत न्हाई. टँकर वारा फोडतो, आपण फुकटात जायचं."

मी मागं लागलो आणि चकित झालो. खरोखर वारा नव्हता. कुणीतरी पाठीत हात घालून ढकलावं तशी सायकल पळायला लागली. पण पोत्यातून गळणारं पाणी रस्त्यावर पडत होतं, आणि मडगार्ड नसलेल्या त्याच्या चाकावरून ते धुळीसकट त्याच्या अंगावर आणि उरलेलं माझ्या तोंडावर येत होतं. चिखलाचं कोडं सुटलं. पाय आणि बाई एवढंच राहिलं होतं.

टँकरच्या आरशात ड्रायव्हरचा दाढीवाला चेहरा दिसला. "क्या सोनकांबळे, आज जोडी है क्या?" तो ओरडला.

"जब्बारभाई, जरा हळू घ्या आज. नवीन माणूस हाय."

हा जब्बारभाई दर रविवारी चाकूरच्या अलीकडच्या लिंबवाडीला पाणी न्यायचा. आष्टामोडला चहासाठी थांबायचा, बिडी ओढायचा आणि मग पुढं जायचा. तेवढ्या वेळात सोनकांबळे त्याला मागं टाकून पुढं निघून जायचा, असं तो मला पळता पळता सांगत होता. मी म्हटलं, टँकरच्या आधी पोचून काय मिळतं? तो म्हणाला, "आधी पोचायचं असतं."

आष्टामोडला आलो तर हॉटेलाची ताडपत्री खाली सोडलेली. बाहेर पाटीवर खडूनं लिहिलं होतं: पाणी नाही, चहा बंद. जब्बारभाईनं पाटी वाचली, खिडकीतून हात काढून नशिबाला दोष दिल्यासारखा हलवला आणि गियर टाकला. पाण्यानं भरलेला टँकर पाण्यावाचून बंद पडलेल्या हॉटेलासमोरून निघून गेला. पुढं उतार होता. बघता बघता तो लांब गेला आणि समोरचा वारा आमच्या छातीवर आला.

मी सोनकांबळेकडं बघितलं. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. तोंडावरचा सगळा रंग गेलेला.

"बिराजदार, माझ्या घागरी रांगेत हायत," तो म्हणाला.

मग जे काय होतं ते त्यानं पायडल मारता मारता, धापेच्या मधूनमधून सांगितलं. लिंबवाडी ही त्याची सासुरवाडी. शांताची आई तिथं एकटी राहते. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत नाही. टँकर आठ दिवसांतून एकदा. घराला पाच घागरी. घागरी आदल्या दिवशीच रांगेत लावायच्या, पण गावाचा नियम असा की टँकर आला की घागरीजवळ त्या घरचं माणूस उभं पाहिजे. माणूस नसलं की घागर उचलून मागं. मागच्यांना बहुतेक वेळा पाणी पुरतच नाही.

"मग आधी निघावं की तासभर," मी म्हटलं.

"नळ सहाला जातो. तो सोडला तर आठवडाभर मी काय पिऊ?"

"मग शनिवारीच मुक्कामाला जावं."

"अन् सकाळी तिच्यादेखत घागर उचलू? बिराजदार, जावई हाव मी. जावयानं सासुरवाडीत पाणी भरलं तर म्हातारी अन्न सोडंल. तिनं सांगून ठेवलंय, जावयाच्या जिवावर जगायची पाळी आली की मी देगलूरला पुतण्याकडं निघून जाईन. तिला वाटतं शेजारची पारूबाई भरती पाणी."

म्हणजे हा माणूस टँकरच्या आधी गावात शिरायचा, म्हातारीच्या घरामागून आवाज न करता जायचा, रांगेत उभा राहायचा, पाच घागरी भरून पारूबाईच्या अंगणात नेऊन ठेवायचा. पारूबाई त्या म्हातारीच्या घरात नेऊन मांडायची. तोवर हा गावाबाहेर परत जायचा, लिंबाखाली सदरा बदलायचा, भांग पाडायचा आणि घंटी वाजवत पाहुणा म्हणून यायचा. "आत्ताच आलो, मामी." तेल, ग्रीस, कोंबडीचं पीस, घंटी, कंगवा, सगळं त्याच्यासाठी.

"ती देगलूरला गेली तर," तो म्हणाला, आणि पायडल मारत राहिला. चार-सहा खांब गेल्यावर म्हणाला, "मला कुणाच्या घरी जाता येईल असं ते एकच घर हाय हो."

मला स्वतःचा राग आला. बायकोचाही आला, पण ती तिथं नव्हती. सकाळपासून मी त्याच्या मागं राहून वारा चुकवत होतो, आणि माझ्यामुळंच तो रेंगाळला होता. मी सायकल त्याच्या पुढं घातली.

"मागं या," मी म्हटलं. "मी वारा फोडतो."

"फुटाल तुम्ही."

"फुटू द्या. खांब मोजा."

तो मागं लागला. मी पाय फिरवायला लागलो. दाबत नव्हतो, फिरवत होतो, एक-दोन, एक-दोन. वारा सगळा माझ्या पोटावर येत होता. दहा खांब झाले, वीस झाले. मागनं त्याचा आवाज आला, "रुंद हाव तुम्ही, लई चांगलं अडतंय." आयुष्यात माझ्या अंगलोटाची कुणी केलेली ती पहिली स्तुती होती. पुढं उजव्या हाताला लिंबवाडीचा फाटा दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. मी बाजूला झालो. तो माझ्या शेजारून काहीही आवाज न करता निघून गेला. असा माणूस जोरात जाताना मी परत पाहिला नाही.

मी मागनं फाट्यावर आलो, कच्च्या रस्त्यानं धडपडत गावात शिरलो तेव्हा टँकर उभा होता आणि तोटी सुटली होती. आम्ही हरलो होतो. सोनकांबळे एका कुडाच्या आडोशाला सायकल धरून उभा होता. पुढं जात नव्हता. मी म्हटलं, "अहो, जा की, उभे काय राहिलात?"

त्यानं बोट केलं. रांगेत मध्यावर पाच पितळी घागरी होत्या आणि त्यांच्याशेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक वाळलेली म्हातारी काठी टेकून उभी होती. तिचं तोंड टँकरकडं नव्हतं. आम्ही आलो त्या रस्त्याकडं होतं.

"अगं पारू," म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "टँकर आला अन् सायकल आली न्हाई. कुणीतरी रस्त्याला बघून या."

पारूबाई गडबडली. "कंची सायकल, मावशी?"

"येड पांघरू नको. दर ऐतवारी माझ्या कुडामागनं बारीक टिकटिक करत जाती ती. मला दिसत न्हाई, ऐकू येतं. वर्ष झालं ऐकून राह्यले. आज आली न्हाई." तिचा आवाज चढला. "पाणी ऱ्हाऊ द्या माझं. माझ्या घागरी मागं न्या, न्हाईतर पालथ्या घाला. माझं लेकरू कुठं रस्त्यात पडलंय का ते बघा आधी."

सोनकांबळेचं गुपित साऱ्या वाडीला ठाऊक होतं आणि सारी वाडी ते म्हातारीपासून लपवत होती. म्हातारी ते साऱ्या वाडीपासून लपवत होती. घागरीत पडणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज येत होता. मी सोनकांबळेकडं बघितलं नाही. बघण्यासारखं नव्हतं.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग सायकल उचलून चार घरं मागं नेली, तिथं वळवली, वर बसला आणि घंटी वाजवत आला. एकदा नाही, कुल्फीवाल्यासारखी सारखी वाजवत.

म्हातारीनं डोळे मिटले. क्षणभर काठीवर सगळा भार दिला. मग ताठ झाली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"कोण? जावईबापू व्हय? आत्ताच आलात?"

"जयभीम, मामी. आत्ताच आलो. वारा लई व्हता आज."

"असंल, असंल. चला घराकडं. तुम्ही हितं उन्हात उभं ऱ्हायचं कामून? पाण्याचं काय, पारू भरती की."

"भरती की मावशी," पारूबाई म्हणाली.

म्हातारी काठी टेकत पुढं निघाली आणि जाता जाता माझ्या धापेच्या दिशेनं म्हणाली, "तुम्ही कोण पाव्हणं?"

"मी ह्यांच्या ऑफिसातला. बिराजदार."

"मंग तुम्ही कुणाचे जावई न्हाईत हितले?"

"नाही."

"मंग धरा घागरी," ती म्हणाली.

मी धरल्या. सायकल चालवून मेलेला माणूस पाच पितळी घागरी घेऊन पाच वेळा लिंबवाडीच्या चढानं गेला. पारूबाईनं नुसती वाट दाखवली. शेवटची घागर घेऊन गेलो तेव्हा अंगणात पाट मांडला होता. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी शांताचा फोटो, ताज्या फुलांऐवजी कागदी फुलांचा हार. सोनकांबळे इस्त्रीच्या सदऱ्यात पाटावर बसला होता आणि म्हातारी मी आत्ताच आणलेल्या घागरीतलं पाणी तांब्यानं त्याच्या पायावर ओतत होती. चाचपत चाचपत, घोट्यापासून बोटांपर्यंत. पाणी खाली परातीत पडत होतं. ते नंतर दारातल्या शेळीला जायचं.

"पुरे, मामी. पाणी वाया जाऊन राह्यलंय."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "जावयाचे पाय धुवायला कमी पडंल इतकं दळिद्र आलेलं न्हाई अजून. शांता असती तर तिनं म्हटलं असतं का पुरे?"

त्यानं पाय पुढं केले. तिनं दुसरा तांब्या घेतला. मी शेळीकडं बघत उभा राहिलो.

येताना त्यानं चिखलाचा सदरा परत अंगात घातला होता आणि तो एकदाही घड्याळाकडं बघत नव्हता. आष्टामोडपर्यंत आम्ही दोघं शेजारीशेजारी, गप्पा मारत जाणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे आलो. वारा पाठीमागून होता आणि तो त्यानं वाया जाऊ दिला. एकदाच म्हणाला, "एवढं ग्रीस भरलं हो बिराजदार. तरी ऐकू येत व्हतं तिला." त्यात दुःख किती आणि कारागिराचा अपमान किती, हे मला सांगता येणार नाही.

घरी बायको दारातच उभी होती. "सापडली बाई?"

"सापडली. सत्तरीची आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. संध्याकाळी भाकरी थापताना पाठमोरीच म्हणाली, "त्यांना सांगा, पुढच्या रविवारपासून त्यांच्या नळाचं मी बघते. दोन घागरी नि एक बादली तर आहे. पाचलाच निघू द्या त्यांना."

म्हणजे आता टँकरच्या आधी तासभर. बुडाला चिकटायला नको, चिखल नको, आष्टामोडचा चहा चालू आहे की बंद, त्याची काळजी नको. शनिवारी संध्याकाळी हे सांगायला मी अंगणात गेलो. सोनकांबळेनं चाक काढून समोर घेतलं होतं. नेहमीसारखं रॉकेल होतं, फडकं होतं. पण तो फ्रीव्हीलमधलं ग्रीस काडीनं कोरून कोरून बाहेर काढत होता. सगळं निघाल्यावर त्यानं ते रॉकेलनं धुतलं, चाक हातात धरून फिरवलं आणि कान लावला. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. पार माझ्या दारापर्यंत ऐकू येत होतं.

"काय हे, सोनकांबळे," मी म्हटलं. "वेग वाया जाईल की."

त्यानं चाक परत एकदा फिरवलं.

"जाऊ द्या थोडा," तो म्हणाला.